माणूस आणि बाकीचे प्राणी : आमच्या गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-नागभीडकडच्या धानपट्ट्यात मी गेली बावीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवते. इथं पांदण संपली की जंगल सुरू होतं. माकडं घराच्या कौलांवर, रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया एकमेकींना सारख्या हाका देत राहतात, कारण वाघही तिथंच असतो. म्हणून माणसात वेगळं काय, हा प्रश्न इथं पुस्तक उघडायच्या आधीच पडतो. मुलांनी, त्यांच्या आईवडिलांनी आणि पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेलं इथं एका जागी आणलं आहे. ज्यानं जसं विचारलं, तसंच शक्यतो ठेवलं आहे.

मॅडम, माणूस प्राणी आहे असं घरी म्हटलं तर आजी रागावली. खरं काय?

माणूस प्राणीच आहे. पाठीचा कणा, गरम रक्त, अंगावर केस, पिल्लाला दूध पाजणं, हे सगळं आपल्यात आणि गोठ्यातल्या गाईत सारखं आहे. बकरीचं हृदय कापून पाहिलं तर त्यातही चार कप्पेच दिसतात. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५८ मध्ये प्राण्यांची जी मांडणी छापली, तीत त्यानं माणसाला माकडांच्याच गटात बसवलं होतं. तेव्हा डार्विनचा जन्मही झाला नव्हता.

आजी रागावली, कारण तिला 'जनावर' असं ऐकू आलं. तिला सांग, ज्याच्यात प्राण आहे तो प्राणी. हा शब्द तिच्या देवळातही चालतो.

माकडाचा माणूस झाला म्हणता, मंग आमच्या वावरातले माकडं माणूस काऊन नाही होत?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि चांगला आहे. उत्तर भाऊकीत आहे. तुमचा चुलतभाऊ तुमचा बाप नसतो. तुम्हा दोघांचा आजा एक असतो. वावरातलं काळ्या तोंडाचं वानर आणि आपण, यांचा आजा एक होता, पण तो सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीचा. वाटे तेव्हाच झाले. वानर त्याच्या वाट्यानं गेलं, आपण आपल्या. त्यालाही माणूस व्हायचं होतं आणि ते अर्ध्यात थांबलं, असं काही घडलेलं नाही. झाडाची पानं पचवणारं त्याचं कप्प्याकप्प्यांचं पोट आपल्याला कुठं आहे?

आपला सगळ्यात जवळचा भाऊ चिंपांझी. तो आफ्रिकेच्या जंगलात राहतो, भारतात तो फक्त प्राणिसंग्रहालयात दिसेल. त्याचा आणि आपला वाटा झाला सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. दोघांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवून जुळवला तर जुळणाऱ्या भागात ९८ ते ९९ टक्के अक्षरं सारखी निघतात. दिसायला चिंपांझी वानरासारखा वाटतो, पण नात्यानं तो वानरापेक्षा आपल्याला जवळचा आहे.

माणसाचा मेंदू सगळ्यात मोठा, म्हणून तो हुशार. एवढंच ना?

सगळ्यात मोठा नाही. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास, स्पर्म व्हेल देवमाशाचा आठ किलोच्या आसपास, आणि आपला जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम. शरीराच्या मानानं मोजावं म्हटलं तर चिचुंद्रीच्या जातीचे काही इवले प्राणी आपल्या पुढं जातात.

मोजायच्या त्या पेशी. माणसाच्या मेंदूत साधारण ८६०० कोटी चेतापेशी आहेत. हत्तीच्या मेंदूत त्याच्या तिप्पट, पण त्यातल्या बहुतेक सगळ्या मागच्या लहान मेंदूत, जो शरीराच्या हालचाली सांभाळतो. विचार, आखणी, आठवणी ज्या वरच्या सालीत चालतात, तिथं हत्तीच्या साधारण ५६० कोटी पेशी आणि आपल्या १६०० कोटी.

एवढा मेंदू पोसायचा तर खर्च मोठा. आपल्या वजनाच्या दोन टक्केच असलेला हा अवयव बसल्या जागी शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. ती आली कुठून? रिचर्ड रँगम या मानवशास्त्रज्ञाचं म्हणणं आहे की चुलीतून आली. शिजलेल्या अन्नातून जास्त ऊर्जा मिळते, चावायला आणि पचवायला कमी वेळ लागतो. चिंपांझी दिवसाचे कितीतरी तास नुसता चावत बसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या आगीच्या खुणा, जळालेली हाडं आणि राख सापडली आहे. सगळे शास्त्रज्ञ रँगमचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करत नाहीत, पण एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे: अन्न शिजवून खाणारा दुसरा प्राणी नाही. वर्गात मी हे सांगते तेव्हा पहाटे चूल पेटवून शाळेत आलेल्या मुली मान वर करून बघतात. मला ते बघणं आवडतं.

अवजारं फक्त माणूसच वापरतो, असं आमच्या वेळच्या पुस्तकात होतं.

माझ्याही वेळच्या पुस्तकात होतं. १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल या तरुणीनं एका चिंपांझीला वारुळापाशी बसलेलं पाहिलं. तो गवताची काडी भोकात घालायचा, उधई काडीला चिकटली की बाहेर काढून खायचा. पानं ओरबाडून डहाळीची काडी तयारही करायचा. तेव्हापासून 'अवजार करणारा प्राणी' ही माणसाची व्याख्या मागं पडली. न्यू कॅलेडोनिया बेटावरचा कावळा काडीला आकडा करून झाडाच्या भोकातली अळी ओढून काढतो. आपला हत्ती फांदी मोडून, आखूड करून माश्या हाकलतो.

पण घरातला विळा हातात घेऊन बघा. पात्याचं लोखंड कोणी तरी दगडातून काढलं. ते तापवायला कोळसा केला. ठोकायला हातोडा लागला, आणि तो हातोडा करायलाही दुसरी अवजारं लागली. मूठ सुताराची. विळा वापरणाऱ्या बाईला यातलं एकही काम येत नसेल, तरी विळा तिच्या हातात आहे. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी मिळाली. म्हणजे या मातीत ही साखळी तेव्हापासून तुटलेली नाही. चिंपांझीची काडी काम झालं की टाकून दिली जाते. पुढच्या दिवशी नवी काडी, आणि ती कालच्याइतकीच चांगली.

वाघ दिसला की माकड खॅक-खॅक करते आणि चितळ पळते. मग त्यांची भाषा नाही का ही?

ताडोब्यात गाईडचं अर्धं काम या आवाजांवर चालतं, त्यामुळे इथल्या मुलांना हे मला शिकवावं लागत नाही. त्या आवाजाला अर्थ आहे, हे नक्की. केनियातल्या वर्वेट माकडांवर १९८० मध्ये छापलेलं काम तर याहून पुढचं आहे. बिबट्यासाठी एक आवाज, गरुडासाठी दुसरा, सापासाठी तिसरा. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला तरी बिबट्याच्या आवाजाला माकडं झाडावर चढली, गरुडाच्या आवाजाला वर बघून झुडपात शिरली, सापाच्या आवाजाला उभी राहून गवतात बघू लागली.

मधमाशी आणखी एक पाऊल टाकते. फुलं कुठं आहेत, सूर्यापासून कोणत्या दिशेला, किती लांब, हे ती पोळ्यावर नाचून सांगते. कार्ल फॉन फ्रिशनं हे उलगडलं आणि त्याला १९७३ चं नोबेल मिळालं. झाडाला लटकणाऱ्या आग्या मोहोळातही असा नाच चालतो. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती माशीला येते.

आता तिला काय येत नाही ते बघा. 'काल फुलं नव्हती' हे ती सांगू शकत नाही. 'पाऊस पडला असता तर' हे सांगू शकत नाही. दुसऱ्या माशीनं खोटं सांगितलं, हे सांगू शकत नाही. वानरही वाघ असताना ओरडतं. वाघ गेल्यावर रात्री बसून पिल्लाला वाघाची गोष्ट सांगत नाही. आपल्या चार-दोन डझन ध्वनींतून हजारो शब्द होतात आणि शब्दांतून कधीच न संपणारी वाक्यं. सहावीतल्या मुलीनं मागं एक वाक्य लिहिलं होतं : 'वाघ जर माणसासारखा बोलला असता तर त्यानं आधी पाणी मागितलं असतं.' हे वाक्य त्याआधी जगात कोणीच बोललं नसेल, आणि तरी वाचता क्षणी आपल्याला कळतं.

विदर्भ तर या बाबतीत भाग्यवान आहे. मराठी, वऱ्हाडी, झाडीबोली एका कुळातल्या. गोंडी आणि कोलामी द्रविड कुळातल्या. मेळघाटातली कोरकू ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, म्हणजे तिचं नातं संथाली-मुंडारीशी. आणि बुलडाण्यात जळगाव जामोदकडे बोलली जाणारी निहाली जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं न सांगणारी. यातल्या कोणत्याही घरात कोणतंही तान्हं वाढवा, तीन-चार वर्षांत ते त्या घरची भाषा बोलेल. भाषा शिकायची ही तयारी घेऊनच माणसाचं मूल जन्माला येतं. वर्गात गोंडी घरातून आलेलं मूल मराठीत अडखळलं तर कृपया हसू नका. ते दुसरी भाषा उचलतंय, तीही वेगळ्या कुळातली.

पोपट बोलतो की!

बोलतो, आणि सगळंच काही नकलेपुरतं नसतं. ॲलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटाला आयरिन पेपरबर्ग यांनी तीस वर्षं शिकवलं. रंग, आकार, सहापर्यंतचे आकडे तो विचारल्यावर बरोबर सांगायचा. २००७ मध्ये तो गेला. पण त्याला हे शिकवायला एका माणसाला तीस वर्षं खपावं लागलं. आपल्या मुलांना कोणी असं बसवून शिकवत नाही.

बैल विकायला नेला तर त्याच्या डोळ्यातून पाणी आलं. माझे वडील दोन दिवस जेवले नाहीत. बैल खरंच रडतो का?

भावनेच्या भरात अश्रू ढाळणं माणसाशिवाय दुसऱ्या प्राण्यात खात्रीनं सिद्ध झालेलं नाही. डोळा ओला ठेवायला अश्रू सगळ्याच सस्तन प्राण्यांना असतात. धूळ, माशी, ऊन यांनीही ते वाहतात. म्हणून डोळ्यातलं पाणी हा दुःखाचा पुरावा म्हणून मी धरणार नाही.

दुःखाचे दुसरे पुरावे मात्र आहेत. गुरं कळपातली ओळखीची तोंडं आणि माणसं वेगळी ओळखतात. सवयीच्या सोबत्यापासून तोडलं की हृदयाचे ठोके वाढतात, ती हंबरत राहतात, जागच्या जागी फिरतात. वासरू गेलं की गाय दूध चोरते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे; पान्हा सुटायला शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक पाझरावं लागतं, आणि भेदरलेल्या, अनोळखी गोठ्यातल्या गाईत ते अडतं. तेव्हा बैलाला काही झालं नाही, असं तुमच्या वडिलांना कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. त्यांनी जे ओळखलं ते बरोबर ओळखलं.

मूल बघून शिकते, माकडाचं पिल्लू बी बघून शिकते. फरक कुठं आला?

या पानावरचा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, म्हणून जरा सावकाश.

जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या लहान माकडिणीनं वाळूनं माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं. पुढच्या काही वर्षांत तिच्या खेळगड्यांनी, मग तिच्या आईनं, मग बऱ्याच कळपानं ते उचललं. म्हणजे पद्धत एका पिढीतून दुसरीत जाणं प्राण्यांत आहे. कालाहारीतल्या मीरकॅट प्राण्यांत शिकवणंही आहे : मोठी मंडळी पिल्लांना आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी काढलेला जिवंत, आणि पिल्लू मोठं झालं की नांगीसकट.

आता दुसरा प्रयोग. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन यांनी २००५ मध्ये तो छापला. एका पेटीत खाऊ. माणूस काठीनं वरच्या भोकात टोचतो, मग खालचं दार उघडून खाऊ काढतो. वरचं टोचणं निरुपयोगी आहे, पण पेटी काळी असताना ते दिसत नाही. चिंपांझींनी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनी सगळं तसंच केलं. मग पारदर्शक पेटी दिली, ज्यात टोचण्याचा काही उपयोग नाही हे स्वच्छ दिसतं. चिंपांझींनी टोचणं सोडून सरळ दार उघडलं. मुलं मात्र टोचत राहिली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, यात हुशार तर चिंपांझीच. मग माझी आई आठवली. पऱ्हे टाकायच्या आधी ती धानाचं बी मिठाच्या पाण्यात बुडवायची, वर आलेलं काढून टाकायची, खाली बसलेलं चांगल्या पाण्यानं धुवायची. आम्ही भावंडं तिच्याबरोबर तेच करायचो. मीठ कशाला, धुवायचं कशाला, एकालाही माहीत नव्हतं. पोचट बी हलकं म्हणून तरंगतं आणि मीठ राहिलं तर कोंभाला त्रास होतो, हे मला कॉलेजात कळलं. कारण कळेपर्यंत थांबलो असतो तर पद्धत आमच्यापर्यंत पोचलीच नसती. माणसाचं मूल आधी विश्वासानं पूर्ण उचलतं, समज मागून येते, आणि ज्याला समज येते तो त्यात भर घालतो. इमोच्या बेटावरची माकडं सत्तर वर्षांनी रताळं धुतात, फार तर खारट पाण्यात बुडवून चव लावतात. भर तिथं थांबते.

याच सवयीनं चुकीच्या रूढीही आपण पिढ्यानपिढ्या उचलतो. गरोदर बाईनं अमुक खाऊ नये म्हणून तिची उपासमार करणारी घरं मी पाहिली आहेत. ती पेटीला टोचणंच आहे, फक्त त्यात जीव जातो. म्हणून वर्गात 'कशासाठी?' विचारणाऱ्या मुलाला मी कधीच गप्प बसवत नाही.

उंदीर बी बिळात धानाचे लोंब साठवते. मग आमच्या कोठीत वेगळं काय?

साठवण्यात काही वेगळं नाही. अमेरिकेतला स्क्रब जे पक्षी तर काय, कुठं, कधी लपवलं हे लक्षात ठेवतो, आणि लपवताना दुसऱ्या पक्ष्यानं पाहिलं असेल तर नंतर येऊन जागा बदलतो. गंमत म्हणजे ज्यानं स्वतः कधी चोरी केली आहे, तोच असं करतो.

वेगळं काय ते बघायला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावाला जावं लागेल. दादाजी खोब्रागडे तिथले लहान शेतकरी. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत, इतर धानात मिसळल्या नाहीत. बाजूला काढून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, आणि असं वर्षानुवर्षं केलं. त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला त्या काळी नावाजलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' नाव पडलं. बी त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना दिलं आणि ते राज्याबाहेरही गेलं. २०१८ मध्ये दादाजी गेले, तांदूळ आहे.

हंगाम हातात यायच्या आधी अनेक हंगाम पुढचं बघणं, आणि ते दुसऱ्याच्या हातात देणं, हे उंदराला जमत नाही. त्याची कोठी त्याच्या पोटापुरती आहे.

शेती तरी फक्त माणसाचीच ना?

नाही. बांधावरच्या वारुळातली उधई जमिनीखाली बुरशीची शेती करते. चावलेल्या काटक्या-पानांचा गादीवाफा करून त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात वारुळावर टेकोडे, म्हणजे अळंबी, उगवतात ते त्याच शेतातले. उधईची शेती आपल्या शेतीपेक्षा कोट्यवधी वर्षांनी जुनी आहे. आपली जेमतेम १० ते १२ हजार वर्षांची. मात्र उधई बुरशी सोडून दुसरं पीक घेत नाही.

म्हातारपणी माणूस काही कामाचा राहत नाही, तरी जगतो. प्राण्यात असं नसते.

हे मला एका आजीनं स्वतःबद्दल विचारलं होतं. तिला दिलेलं उत्तर इथं तसंच लिहिते.

बहुतेक प्राण्यांत मादी मरेपर्यंत पिल्लं देऊ शकते. पाळी थांबल्यावर कित्येक वर्षं जगणं फार थोड्या प्राण्यांत आहे : माणूस, किलर व्हेलसारखे काही दात असलेले देवमासे, आणि अलीकडे युगांडातल्या एका चिंपांझी टोळीतही ते आढळलं. निसर्गात हे टिकलं, तर त्याचा काही उपयोग असणार. क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांत पाहिलं की म्हाताऱ्या बाया दिवसभर कंद खणून आणतात आणि सुनेला-लेकीला दुसरं बाळ झालं की आधीच्या नातवंडाचं पोट त्या कंदांवर भरतं. आजी असेल तर नातू जगतो.

वानराच्या टोळीतही तान्हं एकीकडून दुसरीकडे जातं, मावश्या ते घेऊन बसतात. पण दूध सुटलं की त्यानं आपलं पान आपण तोडायचं. माणसाचं मूल दूध सुटल्यावरही दहा-पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हातचं खातं. ते खाऊ घालणारे हात आईचे एकटीचे कधीच नव्हते. आजी, तुम्ही आहात म्हणून माणसाचं बालपण एवढं लांब आहे.

क्रूर फक्त माणूस असतो. जनावर पोट भरलं की मारत नाही.

हे लोक फार खात्रीनं बोलतात, पण खरं नाही. वानरांच्या टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो. १९६० च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी हे आपल्या धारवाडजवळ नोंदवलं. गोंबेत १९७४ ते १९७८ चिंपांझींच्या एका टोळीनं शेजारच्या टोळीचे नर एकेक करून गाठून मारले. बिबट्या गोठ्यात शिरला तर एका रात्रीत हवी त्यापेक्षा जास्त बकऱ्या मारतो.

मग दया तरी आपली?

तीही एकट्याची नाही. वटवाघळांची एक जात उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त उलटून देते. इराकमधल्या शानिदार गुहेत नियांडरथल या नामशेष झालेल्या मानवजातीतल्या एकाचा सांगाडा मिळाला : एक डोळा जवळजवळ निकामी, एक हात वाळलेला, आणि तरी तो त्या काळच्या मानानं म्हातारा होऊन गेला. कोणी तरी त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं असणार. तो आपल्या जातीचाही नव्हता.

माणसात मला निराळं दिसतं ते हे की नात्यात, गावात नसलेल्यासाठी आपण रीतसर व्यवस्था उभी करू शकतो. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं, ज्यांना त्यांच्याच घरच्यांनी बाहेर काढलं होतं त्यांच्यासाठी. हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे दवाखाना आणि शाळा चालवत आले, आणि तिथंच जंगलातल्या अनाथ पिल्लांनाही जागा मिळाली. दुसऱ्या जातीच्या जखमी पिल्लासाठी पिंजरा, दूध, औषध आणि त्याची नोंदवही ठेवणारा प्राणी मला दुसरा माहीत नाही.

मेलेलं पिल्लू घेऊन वानरीण तीन दिवस फिरत होती. तिला मरण कळते का?

हे मीही शाळेमागच्या पिंपळावर पाहिलं आहे. ती त्याच्या अंगावरच्या माश्या उडवत होती. माकडांच्या अनेक जातींत हे नोंदलं गेलं आहे. हत्ती आपल्या जातीच्या हाडांपाशी थांबतात, सोंडेनं ती चाचपतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका किलर व्हेल मादीनं मेलेलं बाळ १७ दिवस डोक्यावर तोलून नेलं. काहीतरी फार मोठं गेलं, हे त्यांना कळतं.

माणूस याच्या पुढं जे करतो ते बघायला नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीला जा. तिथं शेकडो शिलावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या लोकांनी मेलेल्यांसाठी मोठमोठे दगड गोल मांडून केलेली. दगडांवर वाटीसारखे खळगे कोरले आहेत. आत भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, मणी ठेवले. जवळच माहुरझरीला तर घोडाही पुरला, त्याच्या तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. गेलेल्याला कुऱ्हाड लागेल, घोडा लागेल, हा विचार करायला डोळ्यांनी न दिसणारी एक जागा मनात उभी करावी लागते.

तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल, आणि आपण त्याला खरा म्हणतो. जनावरं असं खेळतात का?

हा प्रश्न दुसरीतल्या मुलीचा. युगांडातल्या किबालेच्या जंगलात चिंपांझींच्या लहान माद्या काटकी कुशीत घेऊन हिंडतात, घरट्यातही घेऊन झोपतात, असं २०१० मध्ये छापून आलं. बाहुली म्हणावी असंच ते दिसतं.

पण तान्ह्या पोळ्याचा नंदी बघा. हा बैल आहे, असं एकानं म्हटलं की अख्खं गाव मानतं. त्याला ओवाळतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, मुलाच्या हातात बोजारा म्हणजे ओवाळणी ठेवतात. लाकूड आहे हे सगळ्यांना ठाऊक असून सगळे मिळून तो बैल धरतात. नोटेचा कागद, सातबारा, ग्रामपंचायत, देशाची सीमा, ही सगळी याच जातीची कामं आहेत. एकट्याच्या मनात ती टिकत नाहीत, सगळ्यांनी धरली की उभी राहतात.

उन्हाळ्यात ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ वर जातो, तरी माणूस कामाला. जनावरं सावलीला. हे कसं?

घामामुळे. माणसाच्या अंगावर २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि केस विरळ, त्यामुळे घाम वाळून अंग थंड होतं. कुत्रा धापा टाकतो, म्हैस चिखलात बसते. घोड्याला आणि बैलाला घाम येतो, पण आपल्याइतका कोणालाच नाही. ही देणगी पाण्यावर चालते. बाहेर पाणी न नेता दुपारी तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना उष्माघात होतो, तेव्हा शरीराचं हे काम बंद पडलेलं असतं. दोन लिटरची बाटली जवळ ठेवा आणि अकराच्या आत सावली गाठा.

माणूस श्रेष्ठ आहे का, हो की नाही सांगा.

या प्रश्नाला मी हो-नाही देत नाही. क्योटोच्या आयुमु चिंपांझीनं पडद्यावर क्षणभर चमकलेले आकडे कुठं होते हे लक्षात ठेवण्यात माणसांना हरवलं. कुत्र्याच्या नाकापुढं आपण आंधळे. मात्र ताकद कोणाकडं गेली आहे हे आकडे सांगतात : २०१८ च्या एका मोजणीनुसार पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन शंभर किलो धरलं तर त्यात साठ किलो आपली पाळीव जनावरं, छत्तीस किलो माणसं, आणि देवमाशापासून उंदरापर्यंतचे सगळे जंगली प्राणी मिळून चार किलो.

रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, ज्याचा हरभरा एका रात्रीत साफ केला, त्याला हे चार किलो ऐकून बरं वाटणार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. माझ्याही घरची बांधी रानडुकरांनी दोनदा उलथली आहे. नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आणि जंगल राहणं, या दोन्ही मागण्या एकाच तोंडानं करता येतात.

मुलांना हे नुसतं सांगण्याऐवजी दाखवायचं असेल तर?

एक वही, एक पेन्सिल आणि एक झाड पुरतं. जेन गुडॉल गोंबेत गेली तेव्हा तिच्याकडे पदवी नव्हती. दुर्बीण, वही आणि रोज जाऊन बसायची तयारी होती. आमच्या आठवीचा वर्ग सकाळी शाळेआधी वीस मिनिटं पिंपळाखाली बसतो, वानरांपासून लांब, हातात खायला काही न घेता, कारण खाऊ दिला की त्यांचं वागणं बदलतं आणि चावण्याचा धोका वाढतो. कोण कोणाच्या उवा काढतं, तान्हं कोणाकडून कोणाकडे गेलं, कोणता आवाज आला आणि त्यानंतर कोण कुठं पळालं, एवढंच लिहायचं. 'त्याला राग आला' असं लिहायचं नाही; 'त्यानं दात दाखवले' असं लिहायचं. मागच्या वर्षीच्या वह्या कपाटात आहेत, आणि नवा वर्ग आधी त्या वाचतो. तुटक्या शेपटीची मादी तीन वर्षांच्या नोंदींत आहे. तिचं या वर्षीचं पिल्लू पहिल्यांदा दिसलं, ती तारीख एका मुलानं लाल पेन्सिलनं लिहून ठेवली आहे.